चेंडूला कळतं

कोकणातल्या आमच्या घरापुढची वाट इतकी उतरती आहे, की गाडी लावली की चाकाखाली जांभ्याचा दगड सरकवावाच लागतो. गेल्या मे महिन्यात परत निघायच्या दिवशी भाचा मागच्या सीटवर आपल्या बूस्टरवर बसला, त्याने बेल्ट ओढला आणि बेल्ट हलेचना. दोन्ही हातांनी ओढला, पाय रोवून ओढला. "मामा, बेल्ट बिघडला." मीही ओढून पाहिला, खरोखरच घट्ट अडला होता. त्याला खाली उतरवलं, गाडी मारुतीच्या देवळापुढच्या सपाट अंगणात नेली आणि काय झालंय ते बघावं म्हणून मागचं दार उघडलं, तर बेल्ट मुकाट्याने, आढेवेढे न घेता बाहेर आला. मागून पळत आलेला भाचा माझ्याकडे बघतच राहिला. "पण याला कसं कळलं, आपण सपाटीवर आलो ते?"

मला सांगता येईना. वीस वर्षं मी हा पट्टा लावतोय, आणि त्याला काही कळत असेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

पट्टा जिथून बाहेर येतो तिथे आत एक रीळ असतं. घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली स्प्रिंग त्याला सतत आत ओढत असते, म्हणून पट्टा अंगाशी लागून राहतो. रिळाच्या कडेला दाते कोरलेले असतात, आणि त्याच्या शेजारी, एका उथळ वाटीत, एक पोलादी गोळी नुसती ठेवलेली असते. ना स्क्रू, ना तार. गाडी नीट चालली आहे तोवर ती वाटीच्या तळाशी स्वस्थ बसते. ब्रेक जोरात लागला की वाटी गाडीबरोबर थबकते. गोळी मात्र आपल्या जुन्या वेगाने पुढे जाऊ बघते आणि वाटीच्या कडेवर चढते. तिच्या डोक्यावर एक हलकीशी तरफ टेकलेली असते, ती उचलली जाते, तिचं टोक दात्यात अडकतं, आणि रीळ थांबतं. बस. बेल्ट अडला. यात विजेचा थेंब लागत नाही, गाडी बंद असली तरी चालतं. काही गाड्यांत गोळीच्या जागी छोटा लोलक असतो, तत्त्व तेच.

आमच्या उतारावर हीच गोळी वाटीत एका बाजूला सरकून बसली होती. आंतरराष्ट्रीय नियमांत याची मापंसुद्धा ठरलेली आहेत: गाडी 12 अंशांपर्यंत कलली तर पट्टा अडता कामा नये, आणि 27 अंशांच्या पुढे कलली तर तो अडलाच पाहिजे. मधल्या अंशांत काय करायचं ते त्या त्या यंत्रावर सोडलेलं. भाच्याचा पट्टा त्या मधल्या अंशांत सापडला होता.

पण मला खरं नवल वाटतं ते पुढे. गाडी उतारावर कलून उभी आहे की सपाट रस्त्यावर करकचून ब्रेक लागला आहे, यांतला फरक त्या गोळीला कळतच नाही. तिच्या दृष्टीने दोन्ही एकच: तळ सोडून एका बाजूला ओढ लागली. बंद पेटीत बसलेल्याला गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि वेगातल्या बदलाची ओढ वेगळी ओळखता येत नाही, हा विचार आइन्स्टाइनला 1907 मध्ये सुचला आणि त्यातून पुढे सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत उभा राहिला. विश्वाचा आकार समजून घ्यायला वापरलेली ती कल्पना आपल्या कमरेशेजारी बोराएवढ्या गोळीत निमूट काम करत असते.

पट्ट्याला आणखी एक जाण असते. सावकाश ओढला तर येतो, हिसका दिला तर अडतो. ते काम गोळीचं नाही. रिळावरच वजनाची एक लहान चकती असते, तिला एकदम फिरायला सांगितलं की ती मागे रेंगाळते आणि खिट्टी बाहेर पडते. घाईघाईत बेल्ट ओढला की तो हट्ट धरतो तो या चकतीमुळे. किंचित आत सोडून पुन्हा हळू ओढला, की येतो.

हे सगळं कशासाठी? एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या प्रत्येकाला याचं उत्तर पायांनी माहीत आहे. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की सगळी गर्दी एका अंगाने पुढे लवते. शाळेत आपण याला जडत्व म्हणतो. गाडीत बसलेला माणूस ताशी 50 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत बसला आहे, म्हणजे तोही ताशी 50 किलोमीटरनेच जातो आहे. गाडी थांबली म्हणून तो थांबत नाही. त्याला वेगळं थांबवावं लागतं. हा वेग किती? तिसऱ्या मजल्यावरून, साधारण 10 मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर ज्या वेगाने आदळते, तेवढा. गावातल्या रस्त्यावरचा, 'हळूच तर जातोय' म्हणावा असा वेग. ताशी 100 ला हीच उंची जवळजवळ 40 मीटर होते. दुप्पट वेगाला चौपट.

पडणाऱ्याला वाचवायचं तर झेलायला हवं. गल्लीत टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं, की झेल घेताना हात चेंडूबरोबर मागे न्यायचा, नाहीतर तळवा झणझणतो. थांबायला जितकं अंतर जास्त मिळेल तितका मार कमी. भिंतीवर आदळताना गाडीचं नाक साधारण अर्धा-पाऊण मीटर चुरगळतं आणि ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. बेला बारेनी या मर्सिडीझच्या अभियंत्याने ही कल्पना मांडली: पुढचा आणि मागचा भाग मऊ, मधली बसायची खोली कणखर. हापूसच्या पेटीत आपण पेंढा भरतो, तसा हा पोलादाचा पेंढा. या तत्त्वावर घडवलेली पहिली गाडी 1959 मध्ये आली.

आता ताशी 50 ने आदळणाऱ्या गाडीचा हिशेब करून पाहू. बेल्टने तुम्ही गाडीच्या मधल्या खोलीला बांधलेले असाल, तर तुम्हालाही थांबायला तोच साठेक सेंटिमीटरचा पल्ला मिळतो आणि अंगावर तुमच्या वजनाच्या सुमारे 16 पट ओढ येते. 70 किलोच्या माणसाला एक टनाहून जास्त. ऐकायला भयंकर वाटतं, पण शरीर हे सोसतं. बेल्ट नसेल तर गाडी आपला पल्ला तुमच्याविना संपवून टाकते. तुम्ही त्याच वेगाने पुढे जात राहता आणि डॅशबोर्डपाशी किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर तुम्हाला थांबायला जेमतेम 10 सेंटिमीटर उरतात. तिथे तीच ओढ शंभरपटीच्या घरात जाते. सात टन.

शरीर किती सोसतं, हे एका माणसाने स्वतःवर करून पाहिलं होतं. जॉन स्टॅप हे अमेरिकी हवाईदलातले डॉक्टर. 10 डिसेंबर 1954 या दिवशी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर ते रॉकेट लावलेल्या, रुळांवरून धावणाऱ्या घसरगाडीत स्वतः बसले. गाडी ताशी 1,017 किलोमीटरपर्यंत पोचली आणि 1.4 सेकंदांत थांबली. त्यांच्या देहावर वजनाच्या 46 पटीहून जास्त ओढ आली. डोळ्यांत रक्त उतरलं, काही वेळ दिसेनासं झालं, पण दृष्टी परतली, आणि ते पुढे 89 वर्षांचं आयुष्य जगले. त्यांना सांभाळलं ते नीट आवळलेल्या पट्ट्यांनी. नंतर ते आयुष्यभर मोटारीतल्या पट्ट्यांसाठी झगडत राहिले, कारण हवाईदलातली माणसं विमानांइतकीच मोटारींच्या अपघातांत मरत आहेत हे त्यांना दिसत होतं.

मोटारीतला आजचा पट्टाही विमानाकडूनच आला. स्वीडनचे नील्स बोलिन हे साब कंपनीत लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते. 1958 मध्ये ते व्होल्व्होत आले. त्याआधी मोटारीत असायचा तो नुसता कमरपट्टा, किंवा मग पोटावर बकल येणारा तिरका पट्टा. अपघातात ते बकलच पोटात रुतायचं. वैमानिक कितीही पट्टे बांधून घेईल, घरचा माणूस मिनिटभराचीही कटकट सोसणार नाही, हे बोलिन यांनी ओळखलं. एका हाताने, एका ओढीत लागेल असा, छातीवर तिरका आणि कमरेवर आडवा, खाली कमरेशेजारी दोन्ही भाग एकत्र येणारा पट्टा त्यांनी 1959 मध्ये काढला. आणि व्होल्व्होने त्याचं पेटंट सगळ्या गाडी कंपन्यांना वापरायला मोकळं ठेवलं. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो.

बोलिन यांच्या पट्ट्याचं सगळं शहाणपण तो कुठे टेकतो यात आहे. तो हाडांवर टेकायला हवा: गळ्याखालचं आडवं हाड, छातीचं मधलं हाड, आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारी ती टोकदार हाडं. ही देहातली भक्कम जागा. पोटात हाड नाही. तिथे यकृत, प्लीहा, आतडी. कमरेचा पट्टा वर पोटावर सरकलेला असेल तर टनभर ओढ या मऊ अवयवांवर येते. म्हणून तो खाली, मांड्यांच्या सुरुवातीला टेकवायचा. गरोदर बाईने पोटाच्या खालून घ्यायचा, वरचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून. सीट आडवी पाडून झोपलेला माणूस पट्ट्याखालून घसरून पुढे जातो आणि पट्टा पोटात शिरतो. गळ्याला घासतो म्हणून वरचा पट्टा काखेखालून घेतला तर ओढ फासळ्यांवर येते, आणि त्या मोडून आत जाऊ शकतात. लहान मुलांची कमरेची हाडं अजून बसकी असतात, पट्टा त्यांच्यावर ठरतच नाही. भाच्याच्या खाली बूस्टर आहे तो याचसाठी: त्याला वर उचलून पट्ट्याला हाड सापडावं म्हणून. उंची 145-150 सेंटिमीटरच्या आसपास जाईपर्यंत तो लागतो.

नव्या गाड्यांत पट्टा नुसता अडून थांबत नाही. टक्कर झाली हे कळताच रिळातली चिमूटभर स्फोटक दारू पेटते आणि ढिला पट्टा काही सेंटिमीटर मागे खेचून तुम्हाला सीटच्या पाठीशी चिकटवते. लगेच पुढे, ओढ फार वाढायला लागली की रिळाच्या मध्यातली धातूची दांडी पीळ खात जाते आणि पट्टा मोजून मापून थोडा सोडते. झेल घेताना हात मागे नेतात, तेच. ही दांडी एकदाच पिळता येते. म्हणून मोठ्या अपघातानंतर दिसायला धड असलेला बेल्टही बदलावा लागतो.

आणि एअरबॅग? तिची गोष्ट एका आईबापाच्या हातांपासून सुरू होते. 1952 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जॉन हेट्रिक बायको आणि लहान मुलीला घेऊन गाडीने चालले होते. समोर अडथळा आला, गाडी वळवताना ती खड्ड्यात गेली. मुलगी पुढे, दोघांच्या मध्ये बसली होती. त्या क्षणी नवराबायको दोघांनीही आपापला हात तिच्यापुढे आडवा टाकला. कुणाला फार लागलं नाही. पण घरी येताना हेट्रिक यांच्या डोक्यातून तो आडवा हात जाईना. तसा हात गाडीनेच का टाकू नये? नौदलात असताना त्यांनी टॉर्पेडोतली दाबलेली हवा चुकून सुटून त्यावरचं किंतान फुगून छताला जाऊन आदळलेलं पाहिलं होतं. ते आठवलं, आणि 1953 मध्ये त्यांना फुगणाऱ्या उशीचं पेटंट मिळालं. ती उशी बाजारातल्या गाड्यांत येईतो पेटंटची मुदत संपलेली होती. त्यांच्या हाती पैसे असे आलेच नाहीत.

अडचण होती वेळेची. टक्कर झाल्याचं कळायला हवं, उशी फुगायला हवी, आणि हे सगळं माणूस पुढे येण्याआधी. इथे पुन्हा आपली गोळी भेटते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅलन ब्रीड यांनी नळीत लोहचुंबकाने धरून ठेवलेला पोलादी चेंडू बसवला. साध्या ब्रेकला चुंबक त्याला सोडत नाही. टक्कर झाली तर चेंडू सुटतो, नळीतून धावतो आणि विजेचा मार्ग जोडतो. आज त्या चेंडूची जागा सिलिकॉनच्या सूक्ष्म कंगव्याने घेतली आहे. केसापेक्षा बारीक दाते, हादऱ्याने किंचित हलतात, ते हलणं मोजलं जातं. मोबाइल आडवा केला की चित्रही आडवं होतं, ते अशाच कंगव्यामुळे. चेंडूच तो, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतका लहान झालेला.

कंगवा हलल्यापासून साधारण 15 ते 20 मिलिसेकंदांत निर्णय होतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ठिणगी पडते, आतलं रसायन जळून वायू होतो. सुरुवातीच्या एअरबॅगांत ते सोडियम अझाइड होतं, त्यातून निघायचा तो नायट्रोजन, म्हणजे आपण एरवीही श्वासातून घेतोच तो. स्टिअरिंगवरचं झाकण आधीच कोरून ठेवलेल्या रेषांवर फाटतं आणि पुढच्या सुमारे 30 मिलिसेकंदांत पिशवी भरते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. तुमचं डोकं तिच्यापाशी पोचतं तेव्हा ती रिकामी व्हायलाही लागलेली असते, कारण तिच्या मागच्या बाजूला भोकं ठेवलेली आहेत. तुम्ही तिच्यात रुतता आणि हवा त्या भोकांतून निसटत जाते. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत-बाहेर सगळं आटोपतं. मग पांढरी पूड उडालेली दिसते, ती धूर वाटून लोक घाबरतात. पिशवीच्या घड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून घातलेली ती शंखजिऱ्याची नाहीतर मक्याच्या पिठाची पूड असते.

अपघातातून वाचलेल्याबद्दल आपण म्हणतो, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. या सगळ्या यंत्रांचं काम अक्षरशः वेळेचं आहे. आणि त्या वेळापत्रकात बेल्ट गृहीत धरलेला आहे. स्टिअरिंगवर एसआरएस ही अक्षरं असतात, त्यांतल्या पहिल्या 'एस'चा अर्थ पूरक. उशी बेल्टला पूरक आहे. पिशवी ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर येते. पट्टा नसलेला माणूस ब्रेक लागतानाच पुढे सरकतो, आणि पिशवी पूर्ण भरायच्या आत, ती बाहेर फुटत असतानाच तिला सामोरा जातो. तेव्हा ती उशी राहत नाही.

म्हणूनच छाती आणि स्टिअरिंग यांच्यात निदान 25 सेंटिमीटर, म्हणजे वीतभर आणि वर थोडं, अंतर लागतं. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. वरून आडवा धरलेला हात पिशवी सरळ तोंडावर फेकते. शेजारच्या सीटवर बसून डॅशबोर्डवर पाय टाकणं फार घातक; गुडघे चेहऱ्यात आणि मांडीची हाडं कमरेत जातात. हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडचे कितीतरी डॅशबोर्ड येतात, ज्यांवर गणपतीची किंवा साईबाबांची मूर्ती चिकटवलेली असते. श्रद्धा मलाही कळते, माझ्या गाडीतही गणपती आहे. पण डावीकडच्या ज्या झाकणावर एअरबॅग लिहिलेलं असतं, त्यावर ठेवलेली मूर्ती शेजारी बसलेल्याच्या तोंडावर दगडासारखी येईल. माझा गणपती मी मधल्या खणात बसवला. सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर वरून शिवलेलं जाड कव्हर तिला बाहेरच येऊ देत नाही. पुढे लावलेला लोखंडी गार्ड गाडीचं ठरलेलं चुरगळणं आणि कंगव्याला कळण्याची वेळ दोन्ही बिघडवतो; केंद्र सरकारने 2017 मध्ये त्याला मनाई केली.

एक गोष्ट आपल्या किनारपट्टीच्या माणसाने खास लक्षात ठेवावी. जपानच्या ताकाता कंपनीच्या फुगवण्यांतलं, म्हणजे एअरबॅगेत वायू भरणाऱ्या डब्यांतलं, अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडत गेलं, आणि फुगताना धातूची डबीच फुटून तुकडे माणसाला लागले. जगभरात 10 कोटींहून जास्त फुगवण्या परत मागवाव्या लागल्या. भारतातल्या गाड्याही त्यांत होत्या. जुनी गाडी वापरत असाल तर तिचा चॅसी नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवून ती परत मागवलेल्यांत आहे का ते विचारून घ्या. बदलून फुकट मिळते.

4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या गाडीच्या अपघातात गेले ती उत्तम गाडी होती. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, ते दोघेही गेले. पुढचे दोघे वाचले. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट सक्तीचा असल्याचा नियम तेव्हाही होता. त्यानंतर मुंबईत 1 नोव्हेंबर 2022 पासून तो अमलात आणायला सुरुवात झाली. मागच्या सीटवरचा न बांधलेला माणूस पुढच्याच्या पाठीवर जातो, तेव्हा बेल्ट लावलेल्या पुढच्या माणसाचाही जीव धोक्यात येतो.

त्या दिवशी देवळापुढे मी भाच्याला यातलं थोडंच सांगू शकलो. गोळीचं आणि वाटीचं. एवढ्यात त्याची दहा महिन्यांची बहीण मागे उलट्या तोंडाच्या चाइल्ड सीटमध्ये रडायला लागली. आई म्हणाली, "दे रे तिला माझ्या मांडीवर. घट्ट धरते मी." आईने आम्हा दोघा भावंडांना असंच मांडीवर घेऊन सगळा घाट कितीदा पार केलाय. मी म्हटलं, "आई, ती नऊ किलोची आहे. गाडी आदळली तर त्या क्षणी ती दीडशे किलोची होते. तांदळाची तीन पोती. तुझे हात कितीही घट्ट असले तरी..." पुढे बोलवेना. आई काही बोलली नाही. तिने बाळाच्या सीटवर वाकून खुळखुळा वाजवला, आणि बाळ हळूहळू शांत झालं.

मग ती मागे टेकून बसली आणि तिने स्वतःचा बेल्ट ओढला. अडला.

"आजी, हिसका नको देऊस," भाचा म्हणाला. "थोडा आत सोड. आता हळू ओढ."

मी आरशात बघत होतो. आधी त्याच्या बकलचा 'टक्' ऐकू आला, आणि मागोमाग तिच्या.